‘मुसा बुसी’ हा मुसलमान सरदार नव्हता! (धागा)

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णाकाठी असदगड उभा आहे. १७५० च्या दशकात हा वऱ्हाड निजामाच्या सुभेदारीत होता, महसुलात नागपूरकर भोसल्यांचा वाटा होता, आणि सलाबतजंग निजामाच्या दरबारी वजन होते एका फ्रेंच सेनानीचे. मराठी कागदपत्रांत तो ‘मुसा बुसी’ होऊन येतो. नवख्या वाचकास तो मुसलमान सरदार वाटतो. इंग्रजी ग्रंथ वाचलेला त्यास ‘मॉन्सिअर बस्सी’ म्हणतो. कारकुनाचा कान या दोघांहून अधिक खरा होता.

‘मुसा’ म्हणजे ‘मस्य’, फ्रेंचमधील ‘महाशय’. लिहिताना त्यात न आणि र आहेत, उच्चारात दोन्ही गळतात. उरतात दोनच अक्षरे. (अक्षर म्हणजे येथे लिपीतील खूण नव्हे, एका स्वराभोवतीचा उच्चाराचा घटक.) दुसऱ्यातील स्वर ‘ए’ म्हणताना ओठ ‘ओ’सारखे गोल केले की निघतो. तो मराठीत नाही, मग कानाने ओळखीचे ‘मुसा’ धरले.

आता बुसी. लेखनात दोन स आहेत आणि ओळ तोडताना फ्रेंच लेखक त्यांच्यामध्ये तोडतो. बोलताना मात्र स एकच, आणि तो पुढच्या स्वराकडे जातो: बु-सी. फ्रेंच अक्षरास स्वरावर संपणे आवडते, मराठीप्रमाणेच. ‘बस्सी’ ही निव्वळ इंग्रजी वाचनाची देणगी.

उलट प्रकार ‘गारदी’चा. हा शब्द सामान्यतः फ्रेंच ‘गार्द’पासून आला असे मानतात. तिथे शेवटचा ए मुका, म्हणून अक्षर एकच. आपल्या जिभेने जोडाक्षर फोडून गा-रद अशी दोन केली, वर ‘ई’ लावून शिपाई घडवला. बुसीच्या पद्धतीने कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तोही गारद्यांच्या हातून. एवढ्या रक्तात भिजलेला शब्द, मुळात ‘पहारा’!

१७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडून लढलेला ‘रेमंड’ स्वतःस ‘रे-माँ’ म्हणवीत असे: ड मुका, स्वर नाकातला. हैदराबादेत तो कुणाचा मुसा रहीम झाला, कुणाचा मुसा राम. तेथील मेट्रोच्या एका स्थानकाचे नाव आजही मुसारामबाग आहे.