हिमस्खलन आणि दख्खनचा जवान

बालाघाटचे डोंगर आणि गोदावरीचे खोरे यांच्या दरम्यान वसलेला बीड जिल्हा पर्जन्यछायेत येत असल्याने येथील पिढ्यांनी अवर्षणाचे शास्त्र अनुभवातून घडवले; बर्फाचे शास्त्र मात्र येथे कोणालाही वारशाने मिळत नाही. काश्मीर वा लाहौलच्या गावकऱ्याला कोणता उतार केव्हा ढासळतो हे लहानपणापासून कळत जाते, तर बीड, परभणी किंवा माण तालुक्यातून सैन्यात गेलेल्या जवानाला ते प्रशिक्षणातूनच शिकावे लागते. त्यामुळे मराठी जवानांच्या संदर्भात हिमस्खलनातून बचावण्याचा इतिहास हा मुख्यतः शिकवलेल्या ज्ञानाचा इतिहास ठरतो.

हिमस्खलन म्हणजे उतारावरील बर्फाचा थर तुटून वेगाने खाली कोसळणे. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर जुन्या, कमकुवत थरावर नवा बर्फ साचला असेल, तर पायी जाणाऱ्या तुकडीचा किंवा पट्ट्यांवर धावणाऱ्या ‘स्नो स्कूटर’ या वाहनाचा भारही तो थर तोडण्यास पुरेसा होतो. या धोक्याच्या अभ्यासासाठी 1969 मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. पुढे 13 एप्रिल 1984 रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू होऊन सियाचिन हिमनदीवर बारमाही चौक्या उभ्या राहिल्या, तेव्हा या संस्थेच्या कामाला नवी निकड आली.

बर्फाखाली गाडलेला माणूस बहुधा थंडीने नव्हे, तर श्वास कोंडून मरतो. स्वित्झर्लंडमधील दुर्घटनांवरील 1994 च्या अभ्यासानुसार पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात, तर 35 मिनिटांनंतर हे प्रमाण तिघांवर येते. म्हणूनच 1968 मध्ये जॉन लॉटन यांनी विकसित केलेला ट्रान्सीव्हर, म्हणजे अंगावर बांधायचा आणि गाडले गेल्यावरही रेडिओसंकेत देत राहणारा संच, महत्त्वाचा ठरला. त्याच्या जोडीला बर्फात खुपसून ठाव घेण्याची लांब सळई आणि फावडे आले, आणि सुटकेची पहिली जबाबदारी दूरच्या पथकाऐवजी शेजारच्या साथीदाराकडे आली.

3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातील सुनील सूर्यवंशी होते. कर्नाटकचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले, तरी 11 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. जानेवारी 2017 मध्ये काश्मीरच्या माछिल भागात बर्फाखालून जिवंत काढलेले पाच जवान, ज्यांत परभणी, सांगली व साताऱ्याचे जवान होते, दोन दिवसांनी दगावले. या दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात: बर्फातून बाहेर निघणे म्हणजे बचावणे नव्हे. उताराची पारख, साथीदाराची तत्परता आणि रुग्णालयापर्यंतची वाहतूक या तिन्ही कड्या अखंड राहिल्या तरच जीव वाचतो, आणि बर्फ न पाहिलेल्या प्रदेशातून जवान पाठवणाऱ्या देशाने या तिन्हींची तरतूद करणे हे त्याचे कर्तव्य आहे.