तारजोडणीतील इंटरनेटची मंदगती (वसई-विरार)

संगणक राउटरला लॅन केबलने जोडलेला असूनही ग्राहकास ठरलेल्या प्लॅनहून पुष्कळच कमी गती मिळणे, या दोषाचे निदान व निवारण. वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या (स्थापना ३ जुलै २००९) हद्दीत ‘नेट स्लो आहे’ अशी फिर्याद प्रथम केबलवाल्याकडे जाते. परंतु कसूर पुष्कळदा घरातीलच दोन-चार हात लांबीच्या तारेत असते.

फिर्यादीपूर्वी परिमाणाची शहानिशा करावी. प्लॅन मेगाबिटांत सांगितला जातो आणि फाइल उतरताना आकडा बहुधा मेगाबाइटांत दिसतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, हे ध्यानी घेताच कित्येक तक्रारी निकालात निघतात.

खरी खूण निराळीच. प्लॅन २०० वा ३०० चा, वायफायवरील मोबाइलला ती गती मिळते, आणि तारेने जोडलेला संगणक मात्र प्रत्येक चाचणीत ९४-९५ वर अडून बसतो, असे दिसले तर दोष कंपनीचा नव्हे, जोडणीचा समजावा. कारण १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या १०० मेगाबिटांच्या ईथरनेटला केबलीतील तारांच्या चार जोड्यांपैकी दोनच पुरतात, तर १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या १००० मेगाबिटांच्या ईथरनेटला चारही लागतात. आठांपैकी एखादी तार तुटली की दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा निमूटपणे खालच्या गतीवर तडजोड करतात, दिवा लुकलुकत राहतो आणि मालकास संशयही येत नाही. विंडोजमध्ये ईथरनेटच्या तपशिलात ‘लिंक स्पीड’ १००/१०० दिसणे, हा त्याचा दाखला. राउटरचे पोर्टच १०० चे असतील, तर केबल बदलूनही लाभ नाही. हे आधी पाहावे.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस समुद्र असल्याने येथील खारट, दमट हवा हलक्या जॅकच्या पातळ मुलाम्याचे संपर्क गंजवते. जॅकची प्लास्टिकची जीभ मोडलेली असते, तो बोटाने दाबला की लिंक १००० वर जाते व सोडताच उतरते; असा जॅक छाटून नवा क्रिंप करवून घ्यावा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल तर दारामागे वारंवार दुमडूनच तुटते. तीत पैसे वाचवणे प्रस्तुत लेखकास शहाणपणाचे वाटत नाही.

लिंक १००० असून केवळ रात्री, विरार लोकलची गर्दी घरी परतल्यावर, गती पडत असेल, तर मात्र भार पुढच्या जाळ्यावर आहे. तेव्हा राउटर वगळून संगणक थेट ओएनयूच्या (घरात फायबर जेथे संपते त्या पेटीच्या) पोर्टला जोडावा, दिवसाच्या व रात्रीच्या मापांची नोंद ठेवावी, आणि कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा; दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे तेथे दाद न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.