मुंबईचे दोन दुहेरी मुकुट

साखळी स्पर्धा आणि चषक स्पर्धा ह्या फुटबॉलच्या दोन निरनिराळ्या कसोट्या होत. साखळीत महिनोन्महिने झुंजून गुण साठवावे लागतात. एखादा पराभव पुढे भरून काढता येतो. बाद फेरीत मात्र एका चुकीने सारे संपते. म्हणूनच एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा संघ दुहेरी मुकुटाचा मानकरी ठरतो. इंग्लंडमध्ये हा मान प्रथम प्रेस्टन नॉर्थ एंड ह्या संघाने १८८८-८९ मध्ये, साखळीच्या पहिल्याच हंगामात, मिळविला. साखळीत त्याने एकही सामना गमावला नाही आणि चषकात स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही.

मुंबईच्या इतिहासातही असे दोन हंगाम आहेत. पहिला २००५-०६ चा. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली स्थापन झाला आणि २००० पासून तो ‘महिंद्र युनायटेड’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कूपरेज हे त्याचे घरचे मैदान. १९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगवर कोलकात्याच्या दोन मातब्बर संघांचा वरचष्मा होता. त्या हंगामात डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली, ब्राझीलच्या होजे बरेटोला संघात घेऊन, महिंद्रने प्रथम गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबला हरवून फेडरेशन चषक जिंकला आणि पुढे ईस्ट बंगालला मागे टाकून लीगही जिंकली. राष्ट्रीय लीगच्या अकरा हंगामांत मुंबईच्या अन्य कोणत्याही संघाला हे यश लाभले नाही. परंतु २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि मुकुटाचा मानकरीच उरला नाही.

दुसरा हंगाम २०२०-२१ चा. इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी संघाचे बहुतांश भागभांडवल २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या उद्योगसमूहाने घेतले होते. महामारीमुळे साऱ्या स्पर्धेचे सामने गोव्यात, प्रेक्षकांविना झाले. साखळीअखेर मुंबई आणि एटीके मोहन बागान ह्यांचे गुण सारखेच, चाळीस-चाळीस, भरले. परस्परांतील दोन्ही सामने जिंकल्यामुळे साखळीची ढाल मुंबईला मिळाली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. बरोबरीत चाललेल्या ह्या सामन्यात अगदी अखेरच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबईने २-१ अशी बाजी मारली. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा ह्यांच्या संघाने ढाल व चषक दोन्ही मिळविले. ह्या लीगमध्ये असे प्रथमच घडले. तथापि त्या क्षणी जयघोष करावयास मुंबईकर तेथे नव्हता.

एका मुकुटामागे घरचे मैदान होते, पण संघ टिकला नाही. दुसऱ्यामागे भांडवल होते, पण प्रेक्षकांची आसने रिकामी होती. प्रेस्टनने १८८९-९० नंतर इंग्लंडचे साखळी विजेतेपद पुन्हा कधी मिळविले नाही. तरीही तो संघ डीपडेलच्या आपल्या जुन्याच मैदानावर आजही खेळतो आणि त्याच्या गावातील नवी पिढी सामने पाहावयास जाते. विजेतेपद एका हंगामात मिळते; संघ आपला आहे ही भावना गावात रुजावयास मात्र पिढ्या लागतात. मुंबईच्या फुटबॉलला दोन मुकुटांनंतरही जी उणीव भासते, ती हीच.