उसना घोडा, उसनी मोटार: पाहुण्याच्या हाती किल्ली देण्याचा इतिहास

१/ सुट्टीपुरती घरांची अदलाबदल करण्याची प्रथा युरोपात १९५३ साली संघटित स्वरूपात सुरू झाली. काही शिक्षकांनी 'इंटरव्हॅक' नावाचे जाळे उभारले. उन्हाळी सुट्टी लांबलचक, पगार मात्र बेताचा. म्हणून तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या. घराच्या किल्लीशेजारी मग आणखी एक किल्ली येऊ लागली, ती मोटारीची. आजचा धागा या दुसऱ्या किल्लीविषयी.

२/ घर जागचे हलत नाही. पाहुण्याने कप फोडला, तर प्रश्न दोन कुटुंबांतच राहतो. मोटार रस्त्यावर जाते आणि तिथे तिसरा माणूस असतो, ज्याला या अदलाबदलीची गंधवार्ताही नसते. उसन्या वाहनाच्या कायद्याचा इतिहास म्हणजे या तिसऱ्या माणसाची दखल घेतली जाण्याचा इतिहास होय. त्याचा आरंभ मात्र घोड्यापासून होतो.

३/ रोमन कायद्यात वापरासाठी फुकट दिलेल्या उसनवारीला 'कोमोदातुम' म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक व्हालेरियस माक्सिमस एक खटला नोंदवतो. एकाने रोमजवळच्या अरिसिया गावापर्यंत जाण्यासाठी घोडा उसना घेतला आणि तो गावापलीकडच्या चढावर नेला. तेवढ्यावरून तो चोर ठरला! घोडा परत आला की नाही, हा मुद्दाच नव्हता. ठरल्याबाहेरचा वापर हीच चोरी.

४/ दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस हाच नियम सांगतो, परंतु एक अट घालून: मालकाची याला संमती नसेल, हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. त्याची संमती असेल असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ती चोरी नव्हे. मनातल्या हेतूला येथे स्थान मिळाले.

५/ आता आपल्या विषयाचा खरा पूर्वज पाहू. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'डायजेस्ट' या संकलनात विधिज्ञ उल्पियनचे एक उदाहरण आहे. दोन शेजारी, प्रत्येकाकडे एकच बैल. दहा दिवस माझा बैल तू वापर, दहा दिवस तुझा मी. एकाकडे असताना दुसऱ्याचा बैल मेला, तर? उल्पियन म्हणतो, ही फुकट उसनवारी नव्हेच, कारण दोघांनाही मोबदला मिळतो आहे. दावा ठरलेल्या शर्तींवरच चालेल.

६/ आपल्याकडच्या वाचकांना येथे 'सावड' आठवेल: आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. घरांच्या अदलाबदलीत दिलेली मोटारही याच जातीची. ती वरवर फुकट दिसते. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या देशात आपण त्यांची मोटार चालवत असतो.

७/ इंग्लंडमध्ये १७०३ साली 'कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड' हा खटला गाजला. वाद ब्रँडीच्या पिंपांचा होता, पण मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी निकालपत्रात उसनवारीचा सारा कायदाच मांडला, आणि तोही रोमन ग्रंथांच्या आधारे. त्यात घोडा पुन्हा आलाच. पश्चिमेला जाण्यासाठी घेतलेला घोडा उत्तरेला नेला आणि वाटेत अपघात झाला, तर नुकसान घेणाऱ्याचे.

८/ हाच घोडा १८७२ साली भारतात पोहोचला. भारतीय करार कायद्याच्या कलम १५४ खालील उदाहरण पाहा: कलकत्त्याहून बनारसला जाण्यासाठी घोडा भाड्याने घेतला, पण नेला कटकला. काळजीपूर्वक चालवूनही घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई द्यावी लागेल. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. घोडा 'ब'ला केवळ स्वतः बसण्यासाठी दिला. त्याने तो घरातल्या 'क'ला दिला. 'क'ने काळजी घेऊनही घोडा जखमी झाला, तरी 'ब' जबाबदार.

९/ कलम १५० मालकालाही सोडत नाही. घोडा अवखळ आहे हे ठाऊक असून सांगितले नाही आणि स्वार पडला, तर जबाबदार मालक. घोड्याच्या जागी सैल ब्रेक ठेवून हे वाक्य वाचा. भाड्याने दिलेल्या वस्तूबाबत तर दोष ठाऊक नव्हता ही सबबही चालत नाही. मग अदलाबदल ही फुकट उसनवारी मानायची की मोबदल्याची? उल्पियनचा बैल अजून मेलेला नाही.

१०/ इथवरचा कायदा देणारा आणि घेणारा या दोघांपुरता होता. मोटारीने हे चित्र बदलले. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने तिसऱ्या व्यक्तीच्या इजेसाठी विमा सक्तीचा केला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही सक्ती १९४६ पासून अमलात आली. युरोपात सीमा ओलांडणाऱ्या मोटारींसाठी 'ग्रीन कार्ड' विमा व्यवस्था १ जानेवारी १९५३ रोजी सुरू झाली. 'इंटरव्हॅक'चे वर्षही तेच, हा केवळ योगायोग.

११/ त्याच १९५३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे 'ऑर्मरॉड विरुद्ध क्रॉसव्हिल' खटला आला. एका मित्राने दुसऱ्याची मोटार मालकाच्या सोयीसाठी माँटे कार्लोला न्यायला घेतली. पुढे सुट्टी एकत्र घालवायची होती. वाटेत ती बसला धडकली. प्रवासात मालकाचाही स्वार्थ होता, म्हणून मालक जबाबदार ठरला. पण १९७२ साली 'मॉर्गन्स विरुद्ध लाँचबरी' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केले की, नुसत्या परवानगीने मालक जबाबदार ठरत नाही. न्यूयॉर्कचा कायदा नेमका उलटा आहे: परवानगी दिलीत, तर चालकाच्या निष्काळजीपणाला तुम्हीही उत्तरदायी.

१२/ आणि घेणाऱ्याचे काय? 'निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स' या खटल्यात एक माणूस उसन्या मोटारसायकलवर असताना अपघातात मरण पावला. त्याच्या पत्नीने कलम १६३-अ खाली, म्हणजे कोणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले की, वाहन उसने घेणारा मालकाच्या जागी येतो; त्या कलमाखाली तो 'तिसरी व्यक्ती' म्हणून भरपाई मागू शकत नाही. मैत्रीखातर मिळालेल्या किल्लीबरोबर मालकाची जागाही येते, ती अशी.

१३/ म्हणून अदलाबदल करणारी जाणती कुटुंबे किल्लीसोबत एक कागदही ठेवतात. मोटार कोण चालवणार, कुठवर न्यायची, तिच्यात दोष कोणता, आणि विम्यात पाहुण्याचे नाव आहे का? पहिले तीन प्रश्न घोड्याच्या काळापासूनचे आहेत. चौथा त्या अनोळखी पादचाऱ्याने आपल्याला विचारायला लावला.

१४/ सावडीतला बैल दुसऱ्याच्या शेतात दुखावला, तर तुमच्या गावी काय ठरत असे? आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. असे कित्येक नियम कोणत्याच ग्रंथात उतरले नाहीत. ते विचारून घेण्याची हीच वेळ आहे.