दिनविशेष : १३ सप्टेंबर – कुलूपबंद गुहा पडद्यावर

१३ सप्टेंबर २०१०. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेरझॉग यांचा ‘केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स’ हा माहितीपट कॅनडातील टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथमच दाखवला गेला. विषय होता दक्षिण फ्रान्समधल्या शोवे गुहेतील तीस हजार वर्षांहून जुनी चित्रे.

ही गुहा सर्वसामान्यांना कधीच खुली झाली नाही. पर्यटकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी फ्रान्समधल्याच लास्को गुहेतील चित्रे बिघडू लागली, तेव्हा १९६३मध्ये ती गुहा बंद करावी लागली होती. शोवेच्या बाबतीत फ्रान्सने तो धोका पत्करलाच नाही. हेरझॉग यांना परवानगी मिळाली तीही अटींवर : मोजकी माणसे, दिवसाचे थोडेच तास, उष्णता न सोडणारे दिवे, आणि अरुंद धातुमार्गावरून पाय खाली टाकायचा नाही.

हा माहितीपट थ्रीडीत आहे. एरवी थ्रीडी म्हणजे तिकीट महाग करण्याची युक्ती. इथे मात्र तिला पर्याय नव्हता. भिंतीचा फुगवटा आणि खोलगट भाग पाहून त्या आदिम चित्रकारांनी प्राण्यांची अंगे बेतली आहेत. सपाट छायाचित्रात ते हरवते. आठ पायांचा गवा तर धावतानाच रंगवलेला वाटतो. चित्रे जपायची आणि लोकांना दाखवायचीही, हा पेच कॅमेऱ्याने सोडवला.

गुहेची प्रतिकृती २०१५मध्ये खुली झाली. मूळ गुहा पाहायला आजही पडद्याचाच आधार घ्यावा लागतो. अजिंठ्याला निघालेल्यांनी हा माहितीपट आधी जरूर पाहावा. तिथली फ्लॅशबंदी मग जाचक वाटणार नाही.