दिवेआगर
रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील, शिलाहारकालीन ताम्रपटामुळे (शके 982, इ. स. 1060) अभ्यासकांना परिचित असलेले सागरतीरीचे प्राचीन गाव. नारळी-पोफळींच्या वाड्या आणि मुंबईची चाकरी यांवर विसंबलेल्या या गावी 17 नोव्हेंबर 1997 रोजी एका वाडीत खोदकाम चालू असता ताम्रपेटीत गणेशाचा सुवर्णमुखवटा सापडला, आणि भाविकांची रीघ लागताच ग्रामस्थांनी आपल्याच घरांच्या पडव्या व खोल्या पाहुण्यांस खुल्या करून घरगुती निवास-भोजनाचा व्यवसाय उभारला. त्याचे श्रेय मुखवट्याइतकेच येथील गृहिणींच्या कष्टांना दिले पाहिजे. मार्च 2012 मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा बळी घेऊन मुखवटा लुटला, आणि 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने पिढीजात वाड्या भुईसपाट केल्या. पोफळ फळावर येण्यास कित्येक वर्षे लागत असल्याने ही हानी सरकारी पंचनाम्यात मावणारी नव्हती. तथापि बागाईतदारांनी उन्मळलेली खोडे उपसून पुन्हा रोपे लावली, हा त्यांचा निर्धार खरोखर आदरास पात्र आहे. दरोड्याच्या तपासात हस्तगत झालेल्या सोन्यातून घडविलेल्या मुखवट्याची 23 नोव्हेंबर 2021 रोजी मंदिरात पुनःस्थापना झाली.