जव्हार ते झाप : निर्मनुष्य मालविमानाच्या एका उड्डाणाचा विचार

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या वाट्यास दोन अगदी भिन्न प्रदेश आले. दक्षिणेस वसई-विरारची दाट नागर वस्ती. विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल गाडी 12 एप्रिल 1867 रोजी सुटली. ती दिवसातून एकदाच जात असे, परंतु ठरलेल्या वेळी. ईशान्येस जव्हार-मोखाड्याचे डोंगराळ पठार. तेथे रेल्वे आजही पोहोचलेली नाही. वाहन किती वेगाने गेले यापेक्षा ते पुन्हा केव्हा येणार, हा वाहतुकीच्या इतिहासातील अधिक जुना व अधिक अवघड प्रश्न होय. नोव्हेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप या गावी लस घेऊन गेलेल्या ड्रोनचा विचार या प्रश्नाच्या अनुरोधानेच करणे युक्त ठरेल.

या उड्डाणाची जी माहिती प्रसिद्ध झाली ती थोडक्यात अशी : कोविड-19 वरील लसीच्या 300 मात्रा जव्हारहून झापला पाठविण्यात आल्या, अंतर वीस किलोमीटरांहून थोडे अधिक, वेळ नऊ मिनिटांहून थोडा अधिक, रस्त्याने हेच काम चाळीस मिनिटांचे. राज्यातील असा हा पहिलाच प्रयोग असल्याचेही सांगण्यात आले. हे आकडे एकत्र ठेवून पाहिले असता एक अडचण उद्भवते. वीस किलोमीटर नऊ मिनिटांत कापावयाचे तर ताशी सव्वाशे किलोमीटरांहून अधिक वेग हवा, आणि बहुपंखी मालवाहू ड्रोनच्या मानाने हा वेग फारच मोठा आहे. उलट, वीस किलोमीटरांस चाळीस मिनिटे म्हणजे ताशी तीस किलोमीटर, हा वेग घाटवळणाच्या रस्त्यास अगदी साजेसा आहे. तेव्हा वीस किलोमीटर हे रस्त्याचे अंतर असावे आणि आकाशमार्ग त्याहून बराच आखूड असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. तसे असेल तर ड्रोनचे श्रेय त्याच्या वेगापेक्षा दरी-डोंगर न वळता ओलांडण्यास अधिक जाते. वृत्तपत्रीय आकडे इतिहासाचे साधन म्हणून स्वीकारताना एवढा गुणाकार-भागाकार करून पाहावा लागतो.

भाराचा हिशेबही उद्बोधक आहे. कोव्हिशील्डच्या एका कुपीत 10 मात्रा असत. त्या मानाने 300 मात्रा 30 कुप्यांत मावतात. लसीचे स्वतःचे वजन किरकोळ. खरा भार 2 ते 8 अंश सेल्सियस तापमान राखणाऱ्या पेटीचा आणि तीतील शीतपट्ट्यांचा. नमुना-विमान तयार करणाऱ्यांस बॅटरीचे वजन, मालाचे वजन आणि परतीसाठी राखून ठेवावयाची शक्ती यांचा मेळ घालावा लागतो. एक वाढविले की दुसरे घटते. म्हणून चाचण्या क्रमाने होतात : प्रथम रिकामे यंत्र जमिनीलगत तरंगत ठेवावयाचे, मग निर्जीव भार बांधावयाचा, मग अंतर वाढवावयाचे, आणि अखेरीस चालकाच्या दृष्टिपथापलीकडे पाठवावयाचे.

मराठीत या सर्वांस सरसकट ‘चाचणी’ किंवा ‘प्रयोग’ म्हटले जाते. वास्तविक येथे तीन अर्थ वेगळे केले पाहिजेत. यंत्र कोठे निकामी होते हे शोधणे म्हणजे परीक्षण. ते चालते हे लोकांस दाखविणे म्हणजे प्रात्यक्षिक. आणि कोणी पाहत नसतानाही ते नियमाने चालणे म्हणजे सेवा. (‘ड्रोन’ हा इंग्रजी शब्द मुळात नरमाशीचा वाचक. 1935 मधील ‘क्वीन बी’ या ब्रिटिश निर्मनुष्य लक्ष्यविमानाच्या नावावरून तो विमानास लागला असे मानतात. मराठीने मात्र माशी सोडून नुसता शब्द घेतला.)

प्रात्यक्षिक आणि सेवा यांतील अंतर आपल्याकडे यापूर्वीही दिसून आले आहे. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके याने अलाहाबादच्या प्रदर्शनातून सुमारे 6,500 पत्रे विमानाने नैनीस नेली. घटना जगप्रसिद्ध झाली. नियमित टपाल मात्र त्यातून निघाले नाही. स्टीफन स्मिथ यांनी 1935 मध्ये अग्निबाणातून एक कोंबडा व एक कोंबडी दामोदर नदीपलीकडे सुखरूप पोहोचविली. त्यांचीही गणना कौतुकातच राहिली. याउलट 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल घेऊन उतरले, त्यामागे सरकारशी झालेला करार होता, साप्ताहिक वेळापत्रक होते, आणि पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडते म्हणून त्या दिवसांत पुण्यास तळ हलविण्याची तयारीही होती. सेवेचा जन्म या शेवटच्या तरतुदीत दिसतो.

झापचे उड्डाण नोव्हेंबरातले, म्हणजे निरभ्र आकाशाचे. औषधांची निकड पराकोटीस जाते ती आषाढ-श्रावणात, ओहोळ भरून पाडे तुटतात तेव्हा. आणि नेमक्या त्याच दिवसांत वारा, ढग व पाऊस हलक्या विमानास सर्वाधिक प्रतिकूल असतात. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातील मरकटवाडीत रस्त्याअभावी एका बाळंतिणीस झोळीतून न्यावे लागले. तिची जुळी अर्भके वाचली नाहीत. तेथे हवे होते ते माणूस वाहून नेणारे साधन, आणि लसपेटी उचलणारा ड्रोन ते होऊ शकत नाही. रक्त, सर्पदंशावरील लस, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे इंजेक्शन एवढे तो आणू शकेल. परंतु ते टोचणारी परिचारिका पाड्यावर अगोदर असली पाहिजे.

25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी परवान्यांचा जाच पुष्कळ कमी केला, आणि त्यानंतरच्या काळात अशी उड्डाणे वाढली. मे 2025 मध्ये टपाल खात्याने कर्जतहून माथेरानला सुमारे दहा किलोची टपालपिशवी पंधरा मिनिटांत पोहोचवून पाहिली. वसई तालुक्यात अर्नाळ्याच्या बेटावर आणि वसईच्या खाडीतील पाणजू येथे माल अद्याप होडीने जातो; अंतर थोडे आणि मार्ग पाण्यावरून, त्यामुळे पडझडीचा धोका कमी. खाऱ्या वाऱ्यात व भर पावसाळ्यात सलग काही महिने यंत्र चालवून पाहावयाचे असेल, तर जव्हारच्या घाटापूर्वी ही दोन ठिकाणे अधिक सोयीची आहेत.